सरळ केलेली तार

"ऐका," असं म्हणून ते खिशातून बोटाएवढी कथलाची कांडी काढायचे, समोरच्याच्या कानाशी न्यायचे आणि दोन्ही अंगठ्यांनी हळूच वाकवायचे. कांडीतून बारीक करकर यायची, वाळलेल्या पानांवर कुणी दबकत पाय ठेवावा तशी. समोरचा दचकून मान मागे घ्यायचा. मग ते समाधानाने कांडी खिशात टाकत म्हणायचे, "हे निदान सांगतं तरी. लोखंड सांगत नाही."

वेल्ह्यात त्यांना सगळे कथीलमास्तर म्हणत. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावाची व्हायची तेवढी चर्चा त्या काळात झाली आणि तिच्यात माझाही आवाज होता. चर्चा करणाऱ्यालाच पुढे व्यक्तिचित्र लिहावंसं वाटतं, याची मला लाज वाटते. पण त्यांना जवळून पाहिलेलं दुसरं कुणी लिहितं माणूस आता उरलेलं नाही.

महायुद्ध चालू होतं. भोर अजून संस्थान होतं आणि वेल्हे त्याच संस्थानात. मी संस्थानच्या बांधकाम खात्यात कारकून होतो. तोरण्याच्या पायथ्याशी एक कचेरी, एक गोदाम आणि त्या गोदामाची किल्ली एवढं माझं राज्य. मास्तर भोरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. तिथून त्यांची बदली झाली ती थेट वेल्ह्याच्या मराठी शाळेत, चौथीच्या वर्गावर. पदवी घेतलेल्या माणसाला चौथीच्या वर्गावर कोण पाठवतं? काही केल्याशिवाय? हा प्रश्न गावात आधी आला, मास्तर नंतर आले.

उत्तरही पाठोपाठ आलंच. भोरहून येणारा प्रत्येक जण ते आवाज खाली करून सांगायचा, "रुपये पाडतो म्हणे."

ते दिवसच तसे होते. चिल्लर बाजारातून नाहीशी झाली होती. नव्या रुपयात चांदी कमी घातल्याची बोलवा होती. आठवड्याच्या बाजारात बायाबापड्या प्रत्येक नाणं दगडावर आपटून वाजवून घेत. अशात हा एकटा माणूस वाण्याकडून रिठे पायलीने नेतो, कल्हईवाल्याकडून कथील घेतो आणि कल्हई लावायला भांडं मात्र एकही देत नाही! रिठ्याने काय होतं, चांदी उजळते. पोस्टमन सांगायचा की यांना विलायतेहून कागद येतात. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

माझी आणि मास्तरांची खोली एकाच मालकाच्या घरात होती. मध्ये फक्त कुडाची भिंत, शेणाने सारवलेली, आणि तिला माझ्या बाजूने एक फट होती. ती फट आधीपासूनच होती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ती मी काडीने थोडी मोठी केली होती.

एका रविवारी दुपारी मी डोळा लावला. मास्तर उकिडवे बसले होते. समोर पितळी परात, परातीत रिठ्याचं पाणी. सायकलच्या जुन्या ट्यूबला त्यांनी काचेची बारीक नळी बसवली होती आणि तिच्यातून ते पाण्यात बुडबुडे सोडत होते. पोराने खेळावं तसं नाही, सोनाराने तोलावं तसं.

"आत या ना," मान न वळवता मास्तर म्हणाले. "फटीतून निम्मंच दिसतं."

माझे कान तापले. पण गेलो. न जाण्याने संशय वाढला असता; त्यांचा माझ्यावर.

परातीत ज्वारीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकमेकांना चिकटून बसले होते. सगळे एकाच मापाचे, मधाच्या पोळ्यासारखे रांगेरांगेने.

"हे काय आहे?"

"हे तांबं."

"तांबं?"

"तांब्याचे कण असेच रांगेत बसलेले असतात म्हणतात. ते दिसत नाहीत, म्हणून मी दिसतील एवढे केले." त्यांनी काचेची एक पट्टी घेऊन बुडबुड्यांना एका बाजूने अलगद दाबलं. मला वाटलं, सगळी रांग सरकेल. तसं झालं नाही. एका ठिकाणी रांग अर्धीच होती. तो चुकलेला सांधा उंदरासारखा सुर्रकन या कडेपासून त्या कडेपर्यंत पळाला आणि मगच वरच्या रांगा एका घराने पुढे आल्या.

"पाहिलंत? सुरकुती पळाली," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की रुपये पाडणाऱ्याचा चेहरा असा फुलेल का, असं मला वाटून गेलं. पण लगेच हेही वाटलं की सराईत असेल तर फुलेलही.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. शाळेचं ते भलं मोठं जाजम तुम्ही पाहिलं नसेल, पण तशी जाजमं सगळ्या शाळांत असतात. धुळीने जड झालेली, जमिनीला धरून बसलेली. मास्तरांनी अख्खा वर्ग एका कडेला लावला आणि जाजम वीतभर ओढायला सांगितलं. पोरं लाल झाली. जाजम ढिम्म. मग मास्तर स्वतः एका टोकाला गेले, जाजमाची कड वीतभर आत रेटून तिथे एक मोठी सुरकुती उठवली आणि ती सुरकुती एका हाताने लोटत लोटत दुसऱ्या टोकापर्यंत नेली. सुरकुती टोकाला विरली तेव्हा सगळं जाजम वीतभर सरकलेलं होतं.

"गणिताने बघितलं तर तांब्याची तार हत्तीलाही वाकू नये," ते मला म्हणाले. "सगळ्या रांगा एकदम सरकवायच्या म्हणजे अवघड काम. पण पोरसुद्धा ती वाकवतं. का? कारण धातू एकदम सरकतच नाही. त्याच्या आत सुरकुत्या चालतात." मग आवाज थोडा खाली आला. "आणि वाकवत गेलं की त्या वाढतात. एकमेकींत अडकतात. तांबट ठोकून ठोकून हंडा कडक करतो ना, ते हेच. सगळ्या अडकल्या की सरकायला वाव राहत नाही. त्यानंतर वाकवलंत, तर तुटतं."

"मग कधी तुटणार ते तुम्हाला सांगता येत असेल."

"नाही," ते चटकन म्हणाले. "ते नाही येत. मी बुडबुडे बघतो आणि तांब्याबद्दल बोलतो, हे मला विसरून चालायचं नाही. दिसतं ते खोटं नसतं हो. अपुरं असतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे.

फौजदारांनाही ते वाक्य ऐकावं लागलं. ते एकदा चौकशीला आले, परातीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बाजेवर बसले.

"काय मास्तर, रुपये पाडता म्हणे?"

"रुपया पाडता येत नाही मला. तो वाकतो का, ते बघतो."

"सरकारचा रुपया वाकवता?"

"तुमच्याकडे आहे का एखादा? जुना आणि नवा, दोन्ही पाहिजेत."

फौजदारांनी खिशावर हात ठेवला तो घरी जाईपर्यंत काढला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "एवढा भाबडा माणूस असतो होय? काहीतरी आत आहे. तुम्ही शेजारी आहात, नजर ठेवा."

आणि मी नजर ठेवली. ती ठेवायला मला कुणी सांगायची गरजच नव्हती.

मास्तरांचा स्वतःचा संशय मात्र माणसांवर कधी नसे. तो सगळा धातूवर. शाळेची घंटा टांगली होती तिच्याखाली ते उभे राहत नसत. पोरांनाही वळसा घालायला लावत. खुर्चीवर बसण्याआधी तिचा खिळा चाचपत. विहिरीवर बादलीची कडी दोन्ही हातांनी हलवून बघत आणि मागे बायकांची रांग खोळंबे. कुणाकडे पोहे खायला गेले की बोलता बोलता चमचा वाकवत, परत सरळ करत, परत वाकवत. पुढे पुढे घरोघरच्या बायका त्यांच्या बशीत चमचा ठेवीनाशा झाल्या. मास्तर हाताने पोहे खात आणि चमचा का नाही ते कधी विचारत नसत.

गावाने याचीही कारणं शोधली होती. कुणी म्हणे, बायको रहाट तुटून गेली. कुणी म्हणे, भाऊ गिरणीत पट्ट्यात सापडला. मी धीर करून विचारलंच. ते हसले. "काही झालेलं नाही. म्हणूनच बघतोय. झाल्यावर सगळेच बघतात."

आता त्या तारेबद्दल सांगतो. एवढा वेळ मी तिच्याभोवतीच फिरतो आहे.

वेल्ह्याहून पासलीकडे जाताना वाटेत नदी आडवी येते. उन्हाळ्यात ती घोट्याएवढी. पावसाळ्यात पलीकडच्या वाड्यावस्त्या तुटायच्या, म्हणून खात्याने दोन्ही काठांना खांब पुरून तारेचा जाड दोर लावला होता. दोरावर कप्पी, कप्पीला टांगलेली लाकडी पेटी. तिला पाळणा म्हणत. एका वेळी तीन-चार माणसं पेटीत बसायची आणि पासलीचा कोंडिबा ती ओढून पार करायचा. मीठ, रॉकेल, आजारी माणूस, बाळंतीण, सगळं त्या पाळण्यातून जायचं.

पावसाळा संपला की दोर उतरवून वेटोळं करून माझ्या गोदामात यायचा. वेटोळ्यात त्याला पीळ बसायचे, मध्येच कोपर दुमडल्यासारखी वाकडी जागा व्हायची. मृग निघायच्या आत कोंडिबा दोर बाहेर काढायचा, सपाट दगडावर ठेवून लाकडी मोगरीने ठोकून ठोकून सरळ करायचा, करंजाचं तेल चोळायचा आणि मग काठावरच्या देवापुढे त्याची पूजा व्हायची. वाकडी वस्तू देवापुढे ठेवायची नाही, अशी तिथली पक्की रीत. फुटका नारळ नाही, मोडकी कोयती नाही, वाकडी तार नाही. दोर पूजेला यायचा तेव्हा आखल्यासारखा सरळ असायचा.

त्या वर्षी मास्तर कोंडिबाजवळ जाऊन उकिडवे बसले. मी गोदामाच्या दारात उभा होतो.

"कोंडिबा, सरळ नका करू."

"मंग? वाकडी तार द्येवाम्होरं ठेवू व्हय?" कोंडिबाने मोगरी थांबवली नाही.

"वाकली तेव्हा एकदा दुखली. सरळ करताना दुसऱ्यांदा दुखते. दर वर्षी त्याच जागी."

"मास्तर, तार दुकत आसती का कुटं? आमची कंबार दुकती, तिला ठोका म्हनावं जरा."

बाकीचे गडी हसले. मास्तरही हसले, पण त्या जागेकडे दाखवलेलं बोट मागे घेतलं नाही. "ही जागा दिसत होती तोवर बरं होतं. आता दिसायचीही नाही."

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "तुमच्या खात्याचे ओव्हरसियर तुम्हाला विचारतील. दोर वापरायला नको म्हणून सांगा."

"नवा कुठून आणणार? लढाई चालू आहे. पळीपुरतंही लोखंड मिळत नाही."

"मग तेवढी जागा कापा. दोर आखूड होईल, वर जिथे पात्र अरुंद आहे तिथे खांब पुरा."

"खांब पुरायला महिना लागेल. मृग आठवड्यावर आलाय. तोवर पलीकडच्यांनी काय करायचं?"

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण ही जागा मला बरी वाटत नाही."

बघतो, असं मी म्हणालो. आणि खरंच सांगणार होतो. पण दुसऱ्या दिवशी फटीतून (हो, फट अजून होती) मला त्यांच्या परातीशेजारी त्याच दोराच्या टोकाचा हातभर तुकडा दिसला. पेड सुटे करून एकेक तार वेगळी मांडलेली. मी फौजदारांशी बोललो. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "एवढं कळत नाही तुम्हाला? दोर नापास झाला की भंगार. भंगाराला आज काय भाव आहे? ते कुणाच्या घरात जाणार?"

मला ते पटलं. पटावं अशी माझी तयारीच होती. तो तुकडा मागून घेतला का, हे मास्तरांना विचारायला माझ्या दारापासून दहा पावलंसुद्धा नव्हती. मी विचारलं नाही. नंतर कळलं की तो त्यांना कोंडिबानेच दिला होता, गाठीच्या वरचं लोंबतं टोक कापून.

ओव्हरसियरसाहेब भोरहून पूजेला आले. मला विचारलं, "दोर ठीक?"

"सरळ आहे," मी म्हणालो.

हे उत्तर खोटं नव्हतं. तुमच्या लक्षात आलं असेलच, ते अपुरं होतं.

पूजा झाली. नारळ फुटला. कोंडिबाने दोराच्या टोकाला हळदकुंकू वाहिलं. गडी दोर उचलणार तेवढ्यात मास्तर पुढे आले. वहाणा त्यांनी लांबच काढल्या होत्या. देवाला वाकून नमस्कार केला आणि उठता उठता बाजूची पहार उचलली. काय होतंय ते कुणाला कळायच्या आत त्यांनी ती सरळ केलेली जागा दगडाच्या खाचेत धरली, पहार अडकवली आणि सगळा भार टाकून दोर वाकवला. मग पहार फिरवून उलट्या बाजूला वाकवला.

टण्. मग पुन्हा टण्, टण्. दोराच्या बाहेरच्या तारा तुटून उभ्या राहिल्या.

"ऐका!" मास्तर ओरडले.

पाळण्याच्या पेटीला टेकून बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. मग एकदम गलका झाला. देवापुढे दोर मोडला! कोंडिबाने मास्तरांची गचांडी धरली.

"आरं, काय केलंस ह्ये? पासली बुडवलीस!"

"थांबा, कोंडिबा, थांबा. अर्धंच झालंय," मास्तर धापा टाकत म्हणत होते. "आता चांगल्या जागी वाकवू द्या. तसंच, तेवढंच. तिथेही तुटला तर मी चुकलो. एकदा वाकवू द्या!"

कुणी वाकवू दिलं नाही. कोण देईल? निम्मा तुटलेला दोर समोर असताना उरलेला निम्माही तोडायला मागणारा माणूस एक तर वेडा, नाहीतर लबाड. त्यांच्या हातातली पहार हिसकावून घेणाऱ्यांत मी होतो.

ओव्हरसियरांनी तुटलेल्या जागी दोर कापायला लावला. लांब तुकडाही आता काठापासून काठापर्यंत पुरत नव्हता; तो माझ्या गोदामात आला. आखूड तुकडा कोंडिबा घेऊन गेला, गोठ्याचं छप्पर आवळायला. मास्तरांची नोकरी त्याच आठवड्यात बंद झाली. चौकशी संपेपर्यंत वेल्हे सोडायचं नाही आणि रोज चौकीवर हजेरी द्यायची, असा हुकूम झाला. नवा दोर पुण्याहून आला नाही. त्या पावसाळ्यात पासलीकडची माणसं पलीकडेच राहिली.

श्रावणात कोंडिबाची बायको तापाने फणफणली. तो आणि त्याचा भाऊ तिला घोंगडीच्या झोळीत घालून नदीपर्यंत घेऊन आले. सकाळी पाण्याचा आवाज कमी होता तेव्हा निरोप हाकेवर हाक देत अलीकडे पोचला होता, त्यामुळे वैद्य, मी आणि आणखी काही जण या काठावर जाऊन उभे राहिलो. पाणी दोन्ही थड्यांना लागून चाललं होतं. कोंडिबा हात तोंडाशी नेऊन ओरडत होता, पण त्याच्या ओरडण्यातलं काहीच पाण्यावरून इकडे येत नव्हतं. वैद्याने पुडी उंच धरून दाखवली. उंच धरून काय होणार? खांबाला जुन्या गाठीची खूण तेवढी होती. मी मागे वळलो तेव्हा मास्तर दिसले, सगळ्यांपासून लांब, भिजत उभे. त्यांच्याकडे बघून एक जण थुंकला. झोळी परत फिरली. ती दुसऱ्या दिवशी गेल्याचं पाणी ओसरल्यावर कळलं.

त्यानंतर पलीकडच्या खोलीतून बुडबुड्यांचा आवाज कधी आला नाही. परात भिंतीला उभी केलेली दिसायची.

दसऱ्याच्या सुमारास संस्थानची हद्द सोडून जाण्याचा हुकूम आला. जायच्या आदल्या दिवशी मास्तर माझ्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"गोदामात तो लांब तुकडा आहे. एकदा उघडाल? चांगल्या जागी एकदाच वाकवून बघायचाय."

"आता काय उपयोग, मास्तर?"

"बरोबर ठरलो तर मला काही मिळायचं नाही. पण चुकलो असेन, तर ते कोंडिबाला माझ्या तोंडाने सांगायला पाहिजे. न सांगता कसा जाऊ?"

मी म्हणालो, "किल्ली साहेबांकडे आहे."

मी उघडाच होतो. किल्ली माझ्या जानव्याला बांधलेली होती आणि ती माझ्या पोटावर लोंबत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले. एवढंच.

सकाळी सामान बैलगाडीत घालून ते नसरापूरच्या वाटेने गेले. माझ्या खिडकीच्या फळीवर कथलाची कांडी ठेवलेली होती. पुढे त्यांचं काय झालं ते मला समजलं नाही. मी शोध केला नाही, हेही खरं आहे.

किल्ली मात्र बराच काळ माझ्याकडे होती. मी गोदामात रोज जात होतो. तो तुकडा कोपऱ्यात पडलेला असायचा. एक पहार, एक दगड आणि मिनिटभराचं काम. मी ते केलं नाही. चांगली जागाही तशीच टणटण तुटली असती, तर एका वेड्या माणसापायी कोंडिबाची बायको गेली असं ठरलं असतं. नसती तुटली, तर ओव्हरसियरांना दिलेलं माझं उत्तर मला आयुष्यभर पुरलं असतं. दोन्हींपैकी एकही मला नको होतं. पुढे संस्थान विलीन झालं, गोदाम रिकामं झालं आणि तुकडा भंगारात गेला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पुष्कळ वर्षांनी नव्या खात्यातून माझी नेमणूक पुन्हा त्या बाजूला झाली. आता वेल्ह्यापर्यंत एसटी येत होती. पासलीच्या नदीवर पूल मात्र नव्हता. पाळणाच होता, दोर तेवढा नवा. मृगाआधीच्या पूजेला मी गेलो. कोंडिबा पार थकला होता, पण ओळख पटली.

"भाऊसायेब, तुमी व्हय? लई वाळला."

मी खाली बसलो. दोर देवापुढे पसरलेला होता. माझी नजर त्यावरून फिरली आणि थांबली. टोकाजवळ दोर चांगला कोपरासारखा वाकलेला होता. कुणी सरळ केला नव्हता. त्या वाकड्या जागेला कुंकवाचं बोट लावलेलं होतं.

"कोंडिबा, वाकडी तार देवापुढे?"

"ऱ्हाऊ द्या. वाकडी हाय तर वाकडी दिसू द्या. ती जागा आमी खांबाच्या मागल्या अंगाला घेतो. वजन येतं तितं न्हाई येऊ देत."

"हे कुणी शिकवलं?"

कोंडिबाने चंची काढली, पान लावलं, चुना बोटावरून पुसला. मग दोराकडे बघतच म्हणाला, "बायकू गेली ना, त्या दिवाळीत म्या गोठ्यावरला तुकडा सोडला. पहार घेतली. मास्तरनी वाकवला तसाच वाकवला, चांगल्या जागी."

"मग?"

"न्हाई तुटला. ह्या अंगाला वाकवला, त्या अंगाला वाकवला. हात भरून आलं माजं. येक तार न्हाई तुटली." त्याने पान तोंडात सारलं. "तुटावा म्हनून वाकवत व्हतो, भाऊसायेब. तुटला आसता तर मास्तरला शिव्या द्याया मोकळा झालो आस्तो. तेबी न्हाई मिळालं."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुनाला सांगू? तुमी तर इचारलं न्हाई."

तो सहज बोलला होता. त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. मी खिशातून कथलाची कांडी काढली; इतक्या वर्षांत ती वाकून वाकून वेडीवाकडी झाली होती. कोंडिबाच्या कानाशी धरून वाकवली. त्याने मान मागे घेतली नाही. डोळे मिटून ऐकलं आणि हात पुढे केला. मी कांडी त्याला देऊन टाकली.

दोर चढला. कुंकवाची जागा खांबाच्या मागच्या बाजूला आली, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. पाळण्यात बसायला पासलीच्या बाया रांगेने पुढे येत होत्या आणि चढण्याआधी प्रत्येकजणी त्या वाकड्या जागेला बोटं लावून कपाळाला नेत होती. कुणाला नमस्कार करतो आहोत, हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मीही हात लावला.